ऐकलं ते ठेवलं

बादियेची साल भिजवायची, उखळात कुटायची,
मग दिवसभर उकळत ठेवायची
डांबरासारखी चिकट होईपर्यंत.
ओपानिन न्यांताची घड्याळ बघत नाही.
काठीवरून थेंब किती सावकाश सुटतो, ते बघतो.

या वेळी कापड तांबडं. दुखवट्याचं.
बाफोरसाठी.
ऑफिनच्या काठी, सोन्याच्या खड्ड्यात
माती खाली आली तेव्हा तो एकोणीसचा होता,
आणि मी इथे न्तोन्सोत
एका पर्यटक बाईला मान वळवलेल्या पक्ष्याचा अर्थ सांगत होतो:
"विसरलेलं घ्यायला मागे फिरलात तर त्यात लाज नाही, मॅडम."
तिने दोन टी-शर्ट घेतले.

अर्थ मला तोंडपाठ आहेत.
मेंढ्याची शिंगं: अंगात ताकद, तरी मान खाली.
नेचा: खडकातही तगतो.
"देवावाचून कोणी नाही" तर काय,
प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवरसुद्धा असतं,
आपण त्याला टेकून बसतो.
शाळेच्या भिंतीवर ही सगळी मीच रंगवलीत.
बाफोरने शिडी धरली होती
आणि खालून विचारत होता,
एकेका चिन्हाचे किती देणार रे?

दोन मगरी, पोट एकच.
एका केंकीचे दोन वाटे करताना
आम्ही हे म्हणायचो, मोठा वाटा कुणी घ्यायचा यावरून भांडत.
त्या रविवारी म्हणाला, खड्ड्यावर चाललोय,
मोटरसायकलपुरते पैसे झाले की परत.
आईला सांगू नको.
मी पोटात ठेवलं.
पोट एकच ना आमचं.

त्याचंही चिन्ह आहे आमच्याकडे.
चार वर्तुळं, एकमेकांना चिकटून, प्रत्येकात ठिपका.
माते मासिये. ऐकलं ते ठेवलं.
शहाण्या माणसाची खूण.
पदवी घेणारी मुलं हेच मागतात.

आजेइवा ठसे निवडायला आली.
भोपळ्याचे सगळे तुकडे मी फळीवर मांडले.
तिने देवाला हात लावला नाही,
मगरींना नाही.
कोंबडीचा पाय उचलला.
कोंबडी पिलावर पाय देते, म्हणून पिलू मरत नाही.
"मला पाय द्यायचा राहिला," ती म्हणाली.
"कुणी नुसतं कानावर घातलं असतं,
तंगडी मोडून घरात बसवला असता त्याला."
माझ्याकडे बघून नाही म्हणाली.
मी लाकडी कंगव्याने रेघा ओढत होतो.
एक रेघ पार कडेला गेली.

रात्री म्हाताऱ्याला विचारलं,
खूण पाळली आणि माणूस गेला,
तर चूक कुणाची?
त्याने ठसा उलटा केला, नखाने टिचकी मारली.
"भोपळा आहे हा," म्हणाला. "याला ऐकू येत नाही.
ऐकलं कुणी?"
मी गप्प.
मग तो ओरडला, शाई करपतेय, काडी हलव.

काल कापड वाळत होतं,
तांबड्यावर काळे पाय, ओळीने, कुठेच न पोचणारे.
बोन्सू आला. पंधरा वर्षांचा.
पायात बाफोरचे बूट, पुढे कागद कोंबलेले.
"परवा मीपण. ऑफिनला.
अळीमिळी गुपचिळी, काय?"
मी हो म्हणालो नाही.
नाहीही म्हणालो नाही.
त्याने ते हो धरलं आणि मैदानाकडे पळाला.

मी उठलो. हातसुद्धा धुतले नाहीत.
त्याच्या आईचं दार निळं आहे,
गेल्याच महिन्यात रंगवलेलं.
मूठ आपटली.
आतून आवाज: कोण?

दारावर माझ्या बोटांच्या सांध्यांचे
चार काळे गोल उमटले होते, चिकटून चिकटून.
ठिपके नव्हते त्यांत.
ती कडी काढेपर्यंत
मी त्यांच्याकडेच बघत उभा,
आणि पहिला शब्द कुठला, ते शोधत.